काटा मधोमध

लातूरच्या आडत बाजारात
मन्मथअप्पांनी एकेचाळीस वर्षं तोलाई केली.
पहिल्या कट्ट्याला ते एक म्हणत नसत,
लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन...
आवाज पत्र्यावर आपटून गल्लीपर्यंत यायचा.
आई चूल पेटवता पेटवता ओळखायची
आज तूर किती आली.

आता दवाखान्याच्या पायऱ्या मोजतात.
लाभ. दोन. तीन.
नवव्या पायरीवर कठडा धरून
असे उभे राहतात,
जणू खालून कुणी ओळखीचं यायलंय.
मीही मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करते.

नळीत फुंकायची तपासणी झाली.
अजून आजोबा, अजून, सोडू नका, सोडू नका,
ती पोरगी ओरडत होती
कुस्तीच्या फडावर ओरडावं तशी.
कागद आला: जवळपास नॉर्मल.
अप्पांनी तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.
"म्हंजे म्या सोंग करायलो का?"

बोटाला लावलेला चिमटा मात्र
सत्याऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर उतरत होता.

मग ती मोठी फिल्म.
डॉक्टर तांदळेबाईंनी ती उजेडावर धरली.
वरचा भाग फुगलेला, आतल्या भिंती गळालेल्या,
वाळल्या घोसाळ्यासारखा, नुसती जाळी.
खालचा आकसलेला, राठ,
मध काढून घेतलेलं पोळं.
एक आजार ताणतो, एक आवळतो, त्या म्हणाल्या,
फुंकण्याच्या आकड्यात दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.
हवा येते, जाते.
रक्तात उतरत नाही.
आणि सोपं उदाहरण शोधायला थांबल्या.

अप्पांनीच दिलं.
"दोन्ही पारड्यांत खोट, बाई.
काटा मधोमध.
माल कुठंच न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं.
बाहेर कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुकारला.

दिवसभर डाळीचा भुस्सा, पोत्यांची धूळ.
संध्याकाळी घसा मोकळा व्हावा म्हणून बिडी.
हे त्यांनी मला हसत सांगितलं,
हसणं मधेच खोकल्यात गेलं,
खोकल्याला तळ लागेना.
रात्री पाठीला बाम लावताना कान टेकवला:
उन्हात वाळत घातलेल्या सोयाबीनच्या शेंगा
एकामागून एक तडकत होत्या.

तेव्हाच, भिंतीकडे तोंड करून, म्हणाले,
"पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा लावत्यात.
येकदा म्याबी लावलता."
कुणाच्या मालाला, ते नाही सांगितलं.
मी विचारलं नाही.
बामाची डबी कितीतरी वेळ बंद करत बसले.

घरी यंत्र आलं.
देवळीखाली घरघरतं.
पाहुणे आधी यंत्राकडे बघतात, मग अप्पांकडे.
जुन्या गाळ्यावरचा हमाल, बाशुमियाँ,
किलोभर केळी घेऊन आला,
नळीकडे बघत म्हणाला, तोलारसाब, ये कैसा पट्टा लगाया?
अप्पांनी नाकावरची नळी नीट केली,
नव्या जावयानं टोपी नीट करावी तशी.

मंगळवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते.
गेली, तेव्हा घरात एवढी शांतता
की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी
आमच्याच घरात झाल्यासारखी.
सिलिंडरची चावी हातात फिरेना.
अप्पा उशीला टेकून, ओठ आवळून,
गरम दूध फुंकल्यासारखा श्वास सोडत होते.
घाबरू नये म्हणून मी मोठ्यानं मोजायला लागले.
कोण घाबरू नये, ते माहीत नाही.
एक...

त्यांनी हात वर केला.
रागवायलाही श्वास लागतो,
म्हणून नुसतं बोट हललं,
टोकाला गोल झालेलं,
नख घड्याळाच्या काचेसारखं फुगीर.

चावी फिरली. फुस्स झालं.
लाभ, मी म्हटलं,
आणि दोनसाठी थांबले.